पेटीच्या खोलीतल्या वैजयंती मॅडम

वैजयंती मॅडम पेटीच्या खोलीत शिरायच्या आधी चपला दाराबाहेर काढायच्या आणि पायांत लोकरीचे मोजे चढवायच्या. बाहेर रत्नागिरीचा मे महिना, पंख्याखाली बसलेल्या कारकुनांच्या पाठी घामाने भिजलेल्या, आणि ह्या बाई मोजे घालून, वर राखाडी स्वेटर घालून आत जायच्या. आत एसी फार होता. यंत्रांना गरम चालत नाही म्हणून तो रात्रंदिवस चालू ठेवायचा. मोजे लाल होते. एका मोज्याची टाच फाटली होती, ती त्यांनी निळ्या दोऱ्याने शिवली होती. एवढ्या पगाराच्या बाईने लाल मोजा निळ्या दोऱ्याने शिवावा हे मला बघवत नसे. आमच्या दीपाला मात्र त्याचंच कौतुक होतं.

दीपा माझी मुलगी. तिच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण मॅडमबद्दल लिहायचं तर दीपा मध्ये आल्याशिवाय राहत नाही. तेच तर सगळं दुखणं आहे.

मी एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात शिपाई होते. सकाळी कुलूप काढायचं, झाडलोट करायची, चहा करायचा, फायली इकडून तिकडे न्यायच्या. चारचौघांत मला बोलता येत नाही. कोणी मोठ्याने नाव घेतलं तरी माझे कान तापतात. त्यामुळे सगळे मला नुसतं 'मावशी' म्हणायचे आणि मी मानेने उत्तर द्यायचे. मॅडम आल्या तेव्हा आमच्या शाखा नुकत्याच एकमेकींना तारेने जोडल्या होत्या. दापोली, केळशी, आंजर्ले, सगळीकडचं काम मुख्य कार्यालयातून दिसायला लागलं होतं. ते सांभाळायला माणूस हवा होता, आणि पुण्यामुंबईचा कोणी रत्नागिरीत टिकत नव्हता. मॅडम मूळच्या केळशीच्या. वडिलांची तिथे सुपारीची वाडी. त्या टिकल्या.

त्यांचं वागणं असं होतं की माणसाला राग धरायला जागा सापडू नये. कधी कोणाला हुकूम केला नाही. "जमेल ना हो?" एवढंच विचारायच्या, आणि समोरचा ते काम उठून करायचा. मोठे साहेब, म्हणजे आमचे जनरल मॅनेजर, पाण्याचा ग्लाससुद्धा हाका मारून मागवायचे. तेच साहेब मॅडमच्या हातात सामान दिसलं की स्वतः उठून दार उघडायचे. केस बांधायला मॅडमना कधी क्लिप सापडायची नाही. वायरींचा जुडगा बांधायची काळी पट्टी असते, तीच केसांना गुंडाळायच्या. यंत्राशी बोलायच्या. "काय रे बाबा, आज कुठे दुखतंय?" असं विचारून काचेला कपाळ लावून दिवे बघत राहायच्या. आणि कोणी घाई केली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी बघू, मग हात लावू."

चहाचं मात्र मला कायम लागायचं. आत पाणी, चहा काही न्यायचं नाही हा त्यांचाच नियम. मी कप खिडकीत ठेवायची. त्या कामात विसरायच्या. तासाभराने मी साय धरलेला कप परत न्यायची तेव्हा म्हणायच्या, "अगो बाई, राहिलाच की. मावशी, तुमचा चहा गारसुद्धा चांगला लागतो हो." आणि उभ्या उभ्या पिऊन टाकायच्या. गार चहा चांगला लागतो म्हणून कोणी सांगितलं तर काय बोलायचं?

आता पेटीचं सांगते. मला समजलं तेवढंच सांगते. प्रत्येक शाखेच्या तारेच्या तोंडाशी एक छोटं यंत्र होतं. त्याला फायरवॉल म्हणायचे. मॅडम त्याला पहारेकरी म्हणायच्या. कोणाला आत सोडायचं, कोणाला अडवायचं, हे त्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलेलं असायचं. दीपाचे बाबा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, तेव्हा हे समजायला मला जड गेलं नाही. आणि मुख्य कार्यालयातल्या खोलीत जी काळी पेटी होती, ती ह्या सगळ्या पहारेकऱ्यांची मुकादम.

एका रविवारी त्या पेटीतला कारभार बदलायचा होता. नवी आवृत्ती आली होती. शाखा बंद असतानाच ते काम करता येणार म्हणून कार्यालय उघडायला मला बोलावलं. दीपाची दहावी तेव्हा नुकतीच झाली होती. घरात एकटी बसून काय करणार म्हणून मी तिला बरोबर घेतली. कधी कधी वाटतं, त्या दिवशी तिला घरीच ठेवली असती तर. पण मग वाटतं, वैजयंती मॅडम तिला दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्यावर भेटल्या असत्याच.

मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर संगणक. समोर पेटी, तिचे दिवे लुकलुकत होते. दीपा दारातून बघत होती.

"आत ये हो. चपला काढ. थंडी वाजली तर माझी शाल आहे तिकडे."

दीपा आत गेली. मी बाहेर उभी.

"हे काय करताय?"

"ही पेटी जुन्या पद्धतीने काम करत्ये. तिला नवी पद्धत शिकवत्ये. पण आधी जुनं सगळं तसंच्या तसं एका बाजूला जपून ठेवलं."

"का?"

"नवं बिघडलं तर मागे येता यायला हवं ना."

दीपाने वाकून पेटीचे दिवे बघितले. मग म्हणाली, "पण मागे आलं तर मधल्या वेळात जे झालं ते कुठे जाणार?"

मॅडमनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मी दीपाला जन्म दिला, पण तसं मी तिच्याकडे कधी बघितलं नसेन. काही तरी सापडल्यासारखं. "बस," त्या म्हणाल्या, "इथे माझ्या शेजारी बस." संध्याकाळपर्यंत दोघी तिथेच होत्या. मी आणलेला डबा दोघींनी मिळून खाल्ला, फणसाची भाजी आणि भाकरी, आणि तो कोणी केला हे बहुधा दोघींच्याही लक्षात आलं नसावं. येताना मांडवीच्या आमच्या घरापर्यंत दीपा एकटीच बोलत होती. मी रिकामा डबा या हातातून त्या हातात घेत ऐकत होते.

पेटीत नवीन काय काय आलं हे सगळ्या शाखाधिकाऱ्यांना समजावून सांगायचं होतं. त्यासाठी बैठक ठेवली. बैठकीच्या आधी मॅडम माझ्या चहाच्या खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला सांगत्ये. तुम्हाला समजलं म्हणजे सगळ्यांना समजेल."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण सर्वांत खालची पायरी भक्कम आहे ना, हे बघायला पाय ठेवावा तसं ते होतं. मी स्टोव्हकडे तोंड करून ऐकलं.

त्या म्हणाल्या, आधी प्रत्येक शाखेच्या पहारेकऱ्याला वेगवेगळं सांगावं लागायचं. आता एकदाच सांगायचं, पेटी सगळ्यांना सांगणार. दुसरं म्हणजे, ज्याचं जेवढं काम तेवढंच त्याला दिसणार. दापोलीच्या माणसाला केळशीचं दिसायचं नाही. कोणाला फक्त बघता येईल, कोणाला बदलता येईल. तिसरं, पेटीत काही बदलायचं असेल तर एकाने मांडायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं. दोघांनीही आपापल्या नावाने आणि आपापल्या पासवर्डने.

"एक जण का नको?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"एकाच्या हातून चूक होते हो. माझ्या हातून तर हमखास." त्या हसल्या. "आणि चौथं मला फार आवडलं. एखाद्याला थोड्या दिवसांसाठी परवानगी द्यायची असेल तर शेवटची तारीख टाकून ठेवायची. त्या तारखेला ती परवानगी आपली आपण मिटते. मागाहून आठवण ठेवायला नको. शिवाय कोणी काय केलं, कधी केलं, कुठून केलं, सगळं पेटी लक्षात ठेवते. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं.

"मग झालंच."

बैठकीत त्यांनी तेच सगळं तसंच सांगितलं. मी चहाचा ट्रे घेऊन भिंतीशी उभी होते. मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे माझ्या मंजुरीशिवाय तुम्हालाही काही बदलता येणार नाही?"

"नाही. आणि माझ्याशिवाय तुम्हालाही नाही."

"हे आमच्या घरच्यासारखंच झालं," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

मग मॅडम म्हणाल्या, "म्हणून आता एक करायचं. पासवर्डच्या चिठ्ठ्या बंद. गणपतीतसुद्धा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हातातला ट्रे कुठे ठेवू असं मला झालं.

हे का ते सांगायला हवं. आमच्याकडे गणपतीत कार्यालय ओस पडतं. ज्याचं त्याचं गाव, ज्याचा त्याचा गणपती. आमचा गणपती दीड दिवसाचा आणि घर मांडवीला, त्यामुळे कार्यालय उघडायला मी असायचीच. मग जाताना जो तो आपल्या कपाटाची किल्ली माझ्याकडे ठेवून जायचा. संगणक आल्यावर किल्लीबरोबर पासवर्डची चिठ्ठीही यायला लागली. "मावशी, माझ्या जागी जो बसेल त्याला द्या." मी सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि डब्याला कुलूप लावायचे. मोठ्या साहेबांपासून कारकुनापर्यंत सगळ्यांचं माझ्या डब्यात असायचं. एक चिठ्ठी मी कधी उघडून बघितली नाही. त्या कार्यालयात माझं म्हणून काही होतं तर ते एवढंच होतं.

"मावशी, तुमचा डबा गेला हो," दापोलीचे शाखाधिकारी म्हणाले. सगळे पुन्हा हसले. मीसुद्धा हसले. मॅडम हसल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्यानंतर दीपा रोज कॉलेज सुटलं की कार्यालयात यायला लागली. माझ्याकडे येते असं म्हणायची. पाणी प्यायची, आणि पाच मिनिटांत पेटीच्या खोलीबाहेर तिच्या चपला दिसायच्या. मॅडमच्या चपलांशेजारी. घरी तिने केसांना काळी पट्टी बांधायला सुरुवात केली. मॅडमसारखा बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. एकदा मासे तळताना मी तिला ओरडले, की बटाटे चिरून ठेव म्हटलं होतं ना, तर पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "आधी बघू, मग हात लावू."

मी तव्यावरचं उलथणं तसंच हातात धरून उभी राहिले.

"त्यांच्याच घरी जाऊन राहा मग."

"काय गो आई. त्या मला शिकवतात."

"मी काय शिकवलं नाय तुला?"

"तसं नाय म्हटलं मी. पण त्यातलं तुला काय समजणार हाय?"

तिने ते चिडून म्हटलं नाही, सहज म्हटलं. सहज म्हटलेलं लवकर विसरत नाही.

दीपाच्या बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बरंच झालं की. फुकट शिकवतेय बाई." पुरुषांना सगळ्यात आधी फुकट दिसतं.

त्या वर्षी गणपती आले. दीपाचे बाबा आले होते. दीड दिवसाने मांडवीच्या समुद्रावर विसर्जन करून आम्ही घरी आलो, ओले कपडे बदलले, आणि दीपा म्हणाली, "आई, मी केळशीला जाऊ? मॅडमनी बोलावलंय. त्यांच्याकडे गौरी असतात."

"गौरी बघायला एवढ्या लांब?"

"त्यांच्या घरात बाईमाणूस कोणी नाही. आई लहानपणीच गेली त्यांची. गौरीचं सगळं त्या एकट्या करतात."

मी काही बोलायच्या आधी तिचे बाबा म्हणाले, "जा. दापोलीपर्यंत एसटी आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पिशवीत मी करंज्या भरून दिल्या. तळताना मुद्दाम जास्त खोबरं घातलं, म्हणजे त्या घरात कळावं की ह्या मुलीलाही आई आहे.

आणि चिठ्ठ्या बंद झाल्या म्हणतात ना, त्याचं सांगते. मोठे साहेब आंजर्ल्याला आपल्या घरी निघाले तेव्हा चहाच्या खोलीत आले. इकडेतिकडे बघितलं आणि घडी घातलेला कागद माझ्या हातात ठेवला. "मावशी, नेहमीसारखं. मॅडमना बोलू नका. वेळ काही सांगून येत नाही." मी तो डब्यात ठेवला आणि कुलूप लावलं. त्या दिवशी घरी जाताना माझी पावलं हलकी होती.

गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात मी आणि एक कारकून दोघंच होतो. दापोलीच्या शाखेतून फोन आला. शाखाधिकारी घाबरेघुबरे झाले होते.

"मावशी, आमचं सगळं बंद पडलंय. काहीच दिसत नाही. बाहेर माणसं उभी आहेत."

झालं होतं असं. दापोलीची जुनी तार बदलायची होती, म्हणून मॅडमनी त्या शाखेला थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या तारेने आत यायची परवानगी दिली होती. शेवटची तारीख टाकून. कधीपर्यंत हवी म्हणून विचारलं तेव्हा दापोलीचे म्हणाले होते, गणपती होईपर्यंत राहू दे. त्यांच्या घरचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत. मॅडमच्या घरचा गौरींबरोबर जातो. मॅडमनी आपल्या घरच्या हिशोबाने तारीख टाकली, आणि गौरी गेल्या तशी परवानगी मिटली. एवढी शिकलेली बाई, पण गणपती म्हटला की तीही आपलंच घर धरून चालली. हे मला समजलं तेव्हा मी मनात हसले. खोटं कशाला लिहू?

दापोलीचे फोनवर म्हणाले, "मावशी, साहेबांची चिठ्ठी आहे ना तुमच्याकडे? असणारच. मॅडमना केळशीच्या शाखेत बसवा, चिठ्ठी फोनवर वाचून दाखवा, दहा मिनिटांत होईल."

मी केळशीला मॅडमच्या घरी फोन लावला. उचलला दीपाने. हसत होती, मागे भांड्यांचा आवाज होता. "आई, तू? अगो, आम्ही हळदीच्या पानांत पातोळ्या करतोय." मी म्हटलं, मॅडमना दे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "तारीख मी टाकली होती," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे." लगेच, सरळ. माझं मनातलं हसू तिथेच गेलं.

मग जरा थांबून विचारलं, "मावशी, साहेबांनी चिठ्ठी ठेवलीय का तुमच्याकडे?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"बरं. सांगू नका. असेल तर आत्ता फाडून टाका आणि स्टोव्हवर जाळा. मी विचारलंच नाही."

"पण मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे म्हणतात. इंग्रजी अक्षरं मी ओळखते. वाचून दाखवते."

"साहेब बसलेत आंजर्ल्याला, आणि पेटी लिहून ठेवणार की साहेबांनी केळशीहून मंजुरी दिली. उद्या कोणी विचारलं तर साहेब म्हणतील, मी नव्हतो. मी म्हणेन, मी नव्हते. मग उरलं कोण हो?"

उरत होते मी एकटी.

"जाळा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी ती चिठ्ठी स्टोव्हवर धरली. उघडली नाही. जळताना बोटाला चटका बसला.

पुढचं दीपाने सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की आता ते मीच बघितल्यासारखं वाटतं. मॅडम होत्या त्या साडीवर निघाल्या, हाताला तांदळाचं पीठ तसंच. दीपाला घेऊन रिक्षाने आंजर्ल्याला गेल्या. साहेबांच्या घरी आरती चालली होती. साहेब सोवळं नेसून, झांजा घेऊन उभे. मॅडम अंगणात उभ्या राहिल्या. आरती संपेपर्यंत हात जोडून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "साहेब, जरा शाखेत येता? जमेल ना हो?"

"आत्ता? सोवळ्यात?"

"पेटीला चालतं."

साहेब सोवळ्यातच शाखेत आले. मॅडमनी आपल्या नावाने बदल मांडला, साहेबांनी एक एक अक्षर शोधत आपला पासवर्ड घातला. मॅडम तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि दीपालाही त्यांनी भिंतीकडे तोंड करायला लावलं. दापोली चालू झाली. दुपार उलटून गेली होती. माणसं ताटकळली, दापोलीचे चिडले, साहेबांचा प्रसाद गार झाला. पण कोणाच्या नावाने खोटं काही पेटीत गेलं नाही. माझ्याही.

दीपा घरी आली ती आठ दिवस दुसरं काही बोलत नव्हती. "आई, दहा मिनिटांत झालं असतं, पण त्या गेल्या. का ते माहिताय?" मला माहीत होतं. माझ्यासाठी गेल्या होत्या. हे तिला सांगितलं असतं तर मॅडम तिच्या डोळ्यांत आणखी मोठ्या झाल्या असत्या. मी म्हटलं, "चूक त्यांचीच होती ना. मग जायलाच हवं."

दीपा माझ्याकडे बघत राहिली. "तुला त्या आवडत नाहीत."

"जेवून घे," मी म्हटलं.

गणपतीनंतर मॅडमनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, की तारीख त्यांनी चुकीची टाकली आणि यापुढे तारीख दोघांनी बघायची. चिठ्ठीचं नाव काढलं नाही. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

मग एका सकाळी त्यांनी मला पेटीच्या खोलीत बोलावलं. "मावशी, सकाळी सगळ्यांत आधी तुम्ही येता. मी तुमच्या नावाने पेटीत एक जागा केल्ये. साहेबांनी मंजूर केल्ये." पडद्यावर सगळ्या शाखांची नावं होती आणि प्रत्येकीसमोर हिरवा ठिपका. मला फक्त बघता येणार होतं, काही बदलता येणार नव्हतं. रोज सकाळी बघायचं, कुठे लाल दिसलं तर मॅडमना फोन करायचा. "पासवर्ड तुमचा तुम्ही ठरवा. मलाही सांगू नका." आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी एका एका बोटाने माझा पासवर्ड घातला. आधी सगळ्यांचं माझ्या डब्यात होतं, आता माझं एकटीचं काही तरी त्या पेटीत होतं. मला बरं वाटलं. आणि ते त्यांनी दिलेलं होतं म्हणून बरं वाटलं नाही. दोन्ही एकाच वेळी. असं होऊ शकतं हे तोवर मला माहीत नव्हतं.

दीपाची बारावी झाली तेव्हा मॅडमना पुण्याला मोठी नोकरी लागली. दीपालाही पुण्यातच कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला प्रवेश मिळाला. फॉर्म कोणी भरला, कुठे भरला, मला सगळं झाल्यावर कळलं. मॅडम आमच्या घरी मांडवीला आल्या. आमच्याकडे खुर्ची एकच, ती त्यांनी घेतली नाही. चटईवर बसल्या. मी बांगड्याचं सार केलं होतं. त्या मासे खात नसत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी आमटी केली होती. जेवून झाल्यावर ताट उचलायला उठल्या, मी हातातून घेतलं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "पहिलं वर्ष ती माझ्याकडे राहील. नंतर बघू. पण तुम्ही नको म्हणालात तर मी तिला समजावेन. माझं ऐकेल ती."

माझं ऐकेल ती. हे त्या माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या मुलीबद्दल, मला सांगत होत्या. आणि ते खरं होतं.

दीपा दारामागे उभी होती. तिचं पाऊल दिसत होतं. मी नको म्हटलं असतं तर ती राहिली असती. माझ्या घरात राहून आयुष्यभर पुण्याकडे बघत बसली असती.

"न्या," मी म्हटलं.

एसटी सकाळची होती. स्टँडवर मॅडम आधीच आलेल्या होत्या, दीपासाठी खिडकीची जागा धरून बसलेल्या. मी चढून पिशवी वर ठेवली, खाली उतरले आणि खिडकीखाली उभी राहिले. दीपा मॅडमना काही तरी विचारत होती, दोघी हसत होत्या. मी पदराने खिडकीची काच पुसली. काच स्वच्छच होती.

कंडक्टर चढला. गाडीचं इंजिन सुरू झालं, धूर आला, आणि दीपा जागेवरून उठली. माणसांना ढकलत, पिशव्यांवरून उड्या मारत खाली उतरली. कोणी तरी तिला ओरडलंसुद्धा. ती येऊन माझ्या गळ्यात पडली. लहान असताना ताप आला की पडायची तशी, सगळं अंग सोडून. "आई, जेवत जा गो," असं काही तरी रडत म्हणत होती. माझा खांदा भिजला.

मॅडम तिच्या मागोमाग दारापर्यंत आल्या होत्या. पायरीवर उभ्या होत्या, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात दीपाची राहिलेली ओढणी. त्या आमच्याकडे बघत होत्या. हाक मारली नाही, घड्याळ बघितलं नाही. नुसत्या बघत होत्या, दीपाच्या पाठीवरच्या माझ्या हातांकडे. ती नजर मी लगेच ओळखली. इतकी वर्षं दाराबाहेर उभी राहून मी तसंच बघत आले होते.

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मी दीपाला आणखी थोडा वेळ सोडलं नाही.